गाडीला थंडी वाजते तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. मे महिना आहे, कूलरची टाकी भरून रेडिओजवळ बसला असाल. आज जुन्या गाडीतल्या एका एवढ्याशा भागाबद्दल बोलायचं आहे. कूलंट टेम्परेचर सेन्सर, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी किती तापलं ते मोजणारा. पितळेचा बोल्ट, वर प्लास्टिकचं डोकं, अंगठ्याएवढा ऐवज.

चोकची गाडी ज्यांनी चालवली त्यांना फार सांगावं लागणार नाही. गार इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, ते द्यायला सकाळी चोकचा दांडा ओढायचा, इंजिन तापलं की आत ढकलायचा. ढकलायला विसरलात की काळा धूर, आणि पेट्रोलचा काटा बघवत नसे. 2000 सालापासून देशभर धुराचे नियम कडक झाले, पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बोरेटर मागे पडला, इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि चोकचा दांडा गेला. दांडा गेला, काम राहिलं. ते आता गाडीतला कॉम्प्युटर करतो, आणि इंजिन गार आहे की गरम हे त्याला हा सेन्सर सांगतो. पाणी तापेल तसा सेन्सरमधला विजेचा अडथळा कमी होतो. 20 अंशाला साधारण अडीच हजार ओहम, 80 अंशाला तीनशेच्या आसपास. गार असताना ओहम जास्त, गरम झाल्यावर कमी. पुन्हा सांगतो, गार असताना जास्त, गरम झाल्यावर कमी. एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढची गोष्ट त्यावरच आहे.

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा निदेशक होतो. गोष्ट भाचीच्या लग्नाची. लग्न पांढरकवड्याला, आम्ही वर्ध्याहून निघालो. मुहूर्त दुपारी 12 वाजून 20 मिनिटांचा. (मे महिन्यात भरदुपारचे मुहूर्त कोण काढतो, आणि काढलेला एक तरी कोण पाळतो? वऱ्हाडी घामानं भिजतात, डीजे मात्र दारातून हलत नाही. असो.) गाडी आमची 2003 ची. महिनाभर त्रास देत होती. काळा धूर, अ‍ॅव्हरेज पार झोपलेलं, आणि तापलेली गाडी बंद केली की तासभर चालू व्हायची नाही. मी प्लग बदलले, फिल्टर बदलला, पेट्रोल पंपसुद्धा बदलला. शिकवणारा माणूस, दुसऱ्याला कशाला विचारेन?

हिंगणघाट गेलं, वडनेर गेलं, वर्धा नदीचा पूल ओलांडून वडकीजवळ आलो. बायको म्हणाली, चहा घेऊ. मी गाडी बंद केली. तिथंच चुकलं.

चहा पिऊन स्टार्टर मारतो तर नुसतं घुर्र घुर्र. बायकोच्या मांडीवर आहेराच्या साड्या, कपाळावर घाम. ती म्हणाली, "शिकवता ना पोरायले? मंग करा ना चालू!" तेवढ्यात बहिणीचा फोन. "दादा, कुठी हायेस? मामाबिगर पोरगी मांडवात येईन कशी?"

टपरीला लागूनच टिनाच्या शेडमध्ये एक पोरगा मोटरसायकली दुरुस्त करत होता. विशी-बाविशीचा. हात पुसत आला, सायलेन्सरला नाक लावलं, एक प्लग काढला. काजळासारखा काळा, वर पेट्रोलनं ओला. माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, तुमच्या गाडीले थंडी वाजून राह्यली."

मला वाटलं, ऊन लागलं याला. 45 अंशाची दुपार, बोनेटवर पोळी भाजली असती. म्हटलं, "मजाक करतं काय बावा?" त्यानं उत्तर दिलं नाही. सेन्सरचा कनेक्टर काढला आणि मीटरच्या दोन सुया सेन्सरच्या दोन पिनांना लावल्या. इंजिन हात लावू देत नव्हतं आणि मीटर सहा हजारांच्या घरात. आठवतं ना? गार असताना जास्त, गरम झाल्यावर कमी. सहा हजार म्हणजे बर्फाजवळचं पाणी. वडकीच्या रस्त्यावर उभी गाडी स्वतःला काश्मिरात समजत होती, आणि तापल्या इंजिनात पेट्रोल ओतत होती. सेन्सर पार मेला असता तर निदान डॅशबोर्डवर दिवा लागला असता. हा मेला नव्हता, खोटं बोलत होता. गाडी काश्मिरात असूही शकते, म्हणून कॉम्प्युटरचा विश्वास बसला.

नवा सेन्सर तिथं कुठून मिळणार? पोरगा शेडमध्ये गेला आणि एक फुटका ट्रान्झिस्टर घेऊन आला. हो, रेडिओ! आतल्या पट्टीतून चिमट्यानं एक रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक अडथळा करणारा तुकडा, उपटला. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, त्यावर दोन पट्टे संत्र्याच्या रंगाचे, एक तपकिरी. म्हणजे 330 ओहम. मी म्हटलं, "अरे..." आणि गप्प झालो, कारण मला कळलं होतं. रेझिस्टरचे दोन पाय त्यानं कनेक्टरमध्ये खोचले आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. आता कॉम्प्युटरला वाटणार, इंजिन 80 अंशाला आहे. "अ‍ॅक्सिलेटर पुरा दाबून मारा काका, आतलं पेट्रोल निघून जाऊ द्या." मारलं. दोन वेळा खोकली, काळा ढग सोडला आणि चालू!

पोरगा तेवढ्यावर थांबला नाही. कॉम्प्युटरला आता इंजिन कायम 80 अंशाचंच दिसणार, म्हणजे रेडिएटरचा पंखा लागणारच नाही. म्हणून त्यानं पंख्याची वायर फ्यूज घालून थेट बॅटरीला दिली. वर बजावलं, "उद्या सकाळी गाडी गार असंन, तवा हे काढून जुना सेन्सर लावा, नाहीतर चालू नाही होनार." पैसे घेतले 50. मांडवात पोचलो तेव्हा अंतरपाट धरायला माणसं उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालू होईना. रेझिस्टर काढला, जुना सेन्सर जोडला, एका झटक्यात सुरू. त्या महिन्यात वर्गात चोकचा धडा शिकवला तेव्हा मी तो पोरगाच डोळ्यांसमोर ठेवला होता.

घड्याळ बघतो तर वेळ सरत आलाय, सेन्सर बदलायचं पटापट सांगतो. पहिली गोष्ट आणि शेवटची गोष्ट एकच: गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आत दाबाखाली पाणी शंभरच्या वर तापलेलं असतं, झाकण सैल झालं की तोंडावर येतं. हे काम पहाटे करा. बॅटरीची मायनस वायर काढा. रेडिएटरचा वरचा जाड रबरी होज इंजिनला जिथं लागतो तिथं, थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणाऱ्या वॉलच्या) आसपास, सेन्सर सापडेल. काही गाड्यांत दोन असतात: एका वायरचा डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यासाठी, दोन वायरींचा कॉम्प्युटरसाठी. म्हणून जुना हातात घेऊनच दुकानात जा. कनेक्टर काढताना खटका दाबा, वायर ओढू नका. वीस वर्षांचं प्लास्टिक बिस्किटासारखं मोडतं. थोडं कूलंट खाली घ्या, सेन्सर पान्यानं सोडवा. नवा वॉशर टाकून नवा सेन्सर आधी बोटांनी तीन-चार आटे फिरवा, मगच पाना. खालचं घर अ‍ॅल्युमिनियमचं असतं, आटे गेले की सेन्सर राहतो बाजूला. टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, एका वायरचा सेन्सर अर्थिंग बोल्टच्या आट्यांतूनच घेतो.

मग कूलंट भरा. बोअरचं पाणी नको, आणि खारपाणपट्ट्यातल्या मंडळींनी तर मुळीच नको. थंड इंजिन, झाकण उघडं, हीटर सुरू, बुडबुडे थांबेपर्यंत गाडी जागेवरच चालू ठेवा, मग झाकण लावा. पंखा आपोआप लागतो का ते बघा. आणि एक, "विदर्भातल्या उन्हाळ्यात वॉल काढून टाका" म्हणणाऱ्या मिस्त्रीचं ऐकू नका. थर्मोस्टॅट काढलेलं इंजिन वेळेवर तापत नाही, म्हणजे गाडीला पुन्हा थंडी वाजते.

काढलेलं कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नका. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरी चाटतात आणि मरतात. बाटलीत भरा, झाकण लावा, पोरांच्या हाती लागणार नाही असं ठेवा. नमस्कार.