राजाला नाचवतो कोण?

आपल्या कोकणच्या दशावतारी नाटकातलं युद्ध डोळ्यांसमोर आणा. रात्रीचे दोन वाजलेत, देवळासमोर राजा आणि राक्षस एकमेकांवर चालून येतायत. आपण सगळे राजाकडे बघत असतो. त्याची गिरकी, त्याचा आवेश, मुकुट सावरत टाकलेलं पाऊल. आमच्या वाडीत एक पखवाजवादक आजोबा होते, उभा जन्म त्यांनी मंडळांना साथ करण्यात घालवला. ते एकदा मला म्हणाले, "राजा बरो नाचता म्हणतत सगळे, पण तेका नाचयता कोण, ता कोणीच बघणा नाय." तेव्हा मी कॉलेजात होतो आणि डोक्यात फक्त फुटबॉल होता. पण त्या दिवसापासून सामना बघताना माझी नजर बदलली. गोल करणाऱ्याकडे बघून झालं की मी मागे वळून त्याचा पखवाजवाला शोधतो.

वाचनालयाने आज मला संघबांधणी आणि फॉर्म या विषयावर बोलायला बोलावलं, याचा मनापासून आनंद आहे. मी प्रशिक्षक नाही, चाहता आहे. सावंतवाडीहून रेल्वेने मडगाव दीड-दोन तासांवर, त्यामुळे फातोर्ड्याच्या मैदानात बसून पाहिलेले सामने आणि रात्री जागून टीव्हीवर पाहिलेलं इंग्लंडचं फुटबॉल, एवढीच माझी शिदोरी. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय, तेच आज मांडतो. आपण म्हणतो अमुक खेळाडू फॉर्मात आहे, तमुकचा फॉर्म गेला. जणू फॉर्म म्हणजे त्याच्या खिशातलं पाकीट, हरवलं तर त्यानेच शोधायचं. मला वाटतं फॉर्म हा बराचसा त्याच्या शेजाऱ्यांकडे असतो. म्हणून संघ बांधायचा तर जोड्या बघायच्या.

स्ट्रायकर फर्नांडो टोरेस घ्या. लिव्हरपूल या इंग्लिश क्लबसाठी १४२ सामन्यांत ८१ गोल. जानेवारी २०११ च्या शेवटच्या दिवशी चेल्सीने त्याच्यासाठी पाच कोटी पौंड मोजले, ब्रिटनमधला तोवरचा सर्वांत महाग व्यवहार. चेल्सीकडून पहिला गोल यायला २३ एप्रिल उजाडला. लोक म्हणाले, संपला. गुडघ्याच्या शस्त्रक्रियांनी त्याचा वेग कमी झाला होता, हे खरंच. पण लिव्हरपूलमध्ये तो धावायला सुरुवात करायचा आणि मधल्या फळीतल्या जेरार्डचा पास बचावफळीच्या मागे त्याच्या पावलात येऊन पडायचा. त्याला पुढे मोकळं रान लागायचं. चेल्सी संथपणे चेंडू फिरवत जायची, समोरचा संघ आपल्या पेनल्टी क्षेत्रात ठाण मांडून बसलेला, आणि आघाडीवर ड्रोग्बासारखा आधीपासूनचा मालक. टोरेसला धावायला जागाच नव्हती. आता एप्रिल २०१२ मधली बार्सिलोनाची ती रात्र आठवा. चेल्सी दहा जणांनिशी लढतेय, बार्सिलोना सगळी वर आलीय, अर्धं मैदान रिकामं. चेंडू टोरेसकडे आला, तो एकटा धावत गेला, गोलरक्षकाला चकवलं आणि गोल. एका रात्रीपुरतं त्याला त्याचं रान परत मिळालं होतं.

आता आपल्या दारातली गोष्ट, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. २०१९-२० च्या आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, एफसी गोवा साखळीत पहिला आला. तो संघ बघणं म्हणजे सुख होतं. मधोमध अहमद जाहू, तो मान वर करून मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला चेंडू पोचवायचा. मागे उंच मुर्तदा फॉल, कॉर्नरला पुढे जाऊन हेडर मारणारा. पुढे ह्यूगो बुमू. डाव्या बाजूला आपला मंदार राव देसाई, गोव्याचाच मुलगा, मूळचा विंगर म्हणजे कडेचा आक्रमक, ज्याला प्रशिक्षक सर्जिओ लोबेरांनी लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, केलं. हंगाम संपण्याआधीच गोव्याने लोबेरांना निरोप दिला. त्याच हंगामात मुंबई सिटी पहिल्या चारांतही नव्हती. पुढच्या हंगामासाठी मुंबईने लोबेरांना आणलं आणि त्यांच्याबरोबर हे चौघंही मुंबईला गेले. चौघांची नावं नीट बघा, ही सुटी खरेदी नव्हती. मागून चेंडू बाहेर काढणारा, मधून तो वाटणारा, पुढे तो घेणारा आणि कडेने धावणारा, असा मैदानाचा एक अख्खा कणाच मुंबईने उचलला. आमच्याकडे दशावतारी मंडळाचा मालक दुसऱ्या मंडळातून एकटा राजा आणत नाही. जमलं तर राजाबरोबर त्याच्या सवयीचा पखवाजी आणतो, झांजवाला आणतो. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात, समोरचा काय बोलेल ते सवयीने ओळखावं लागतं. फुटबॉलमध्येही तसंच. जाहू चेंडू कधी मारणार हे मंदारला पाठ होतं.

तो २०२०-२१ चा हंगाम करोनामुळे सगळा गोव्यातच, रिकाम्या मैदानांवर झाला. मुंबईने साखळीतलं पहिलं स्थानही घेतलं आणि १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्यावर बिपिन सिंगच्या शेवटच्या मिनिटातल्या गोलवर चषकही. मुंबईमागे मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या सिटी समूहाचा पैसा होता, तो बाजूला ठेवता येणार नाही. पण पैसा पुष्कळांकडे असतो. आणि गोवाही कोसळला नाही हे सांगायला हवं. तो उपांत्य फेरीत पोचला आणि याच मुंबईकडून पेनल्टीवर हरला. ती रात्र मला आजही बोचते. आपलीच माणसं समोरच्या जर्सीत आपल्याला हरवताना पाहणं वाईट.

त्याच मुंबई संघात बार्थोलोम्यू ओग्बेचे हा स्ट्रायकर होता. त्या हंगामात त्याचे आठ गोल. लोक म्हणाले, वय झालं. पुढच्या वर्षी तो हैदराबादला गेला, सगळा हल्ला त्याच्याभोवती रचला गेला, आणि सदतिसाव्या वर्षी त्याने १८ गोल केले.

मी लिव्हरपूलचा माणूस, तेव्हा २०२५ बद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. २०२४-२५ ची लीग आम्ही जिंकलो ती जवळजवळ जुन्याच संघावर. नवे प्रशिक्षक आर्ने स्लॉट आले, मोठी खरेदी नाही. आमचा आघाडीवीर सालाहने लीगमध्ये २९ गोल केले आणि १८ गोलांना पास दिले. मग उन्हाळ्यात तिजोरी उघडली. वर्ट्झ आला, एकिटिके आला, आणि खरेदीच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी १२ कोटी ५० लाख पौंडांना स्ट्रायकर इसाक, ज्याचा उन्हाळ्यातला सरावच झाला नव्हता. नावं वाचून मीही मुलासारखा नाचलो होतो. सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत आम्ही लीगचे सलग चार सामने हरलो. सालाहची धार बोथट झाली तेव्हा सगळे म्हणाले, तेहतीस वर्षांचा झाला. पण त्याच्या मागे उजवीकडे आठ हंगाम ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड होता, तो माद्रिदला गेला होता. सालाह न बघता धावायचा, कारण चेंडू येणार हे त्याला ठाऊक असायचं. आता तो धावायचा आणि थांबून मागे बघायचा. त्या एका बघण्यात अर्धा सेकंद जातो, आणि त्या पातळीवर अर्ध्या सेकंदात बचावपटू पोचलेला असतो.

आणखी एक गोष्ट. ३ जुलै २०२५ ला लिव्हरपूलचा दियोगो जोटा आणि त्याचा भाऊ मोटार अपघातात गेले. क्लबने त्याचा वीस नंबर कायमचा बाजूला ठेवला. ज्या खोलीत रोज कपडे बदलायचे तिथली एक जागा रिकामी झाली, आणि दीड महिन्याने हंगाम सुरू झाला. फॉर्मची चर्चा करताना आपण गुडघे मोजतो, वय मोजतो, पगार मोजतो. दुःख कुठे मोजतो? कोणी सामना हरला म्हणून शिव्या द्यायला तोंड उघडण्याआधी मी हल्ली जोटाच्या मित्रांची आठवण काढतो.

कोणी विचारेल, मग फॉर्म ओळखायचा कसा? हल्ली एक्सजी नावाचं माप आलंय. प्रत्येक फटक्याला, तो कुठून आणि कसा मारला त्यावरून, गोल होण्याची शक्यता किती ते ठरवतात. पेनल्टी म्हणजे साधारण पाऊण गोल, तीस यार्डांवरून मारलेला फटका म्हणजे फार थोडा. स्ट्रायकरचे गोल थांबले, पण संधी तेवढ्याच येत असतील, तर धीर धरा. संधीच येईनाशा झाल्या, तर आधी त्याच्या मागच्या तिघांकडे बघा. मँचेस्टर सिटीने सलग चार वर्षं लीग जिंकली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांच्या मधल्या फळीतल्या रॉड्रीचा गुडघा गेला. ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या अखेरीपर्यंत तो संघ तेरा सामन्यांत एकच जिंकला. तेव्हा हालांडपासून वॉकरपर्यंत प्रत्येकाचा फॉर्म गेल्याच्या बातम्या होत्या. इतक्या जणांचा फॉर्म एकाच वेळी कसा जाईल? मधला पखवाज बंद पडला होता.

थकव्याबद्दल तुम्हा बागायतदारांना मी काय सांगणार. हापूस एक वर्ष भरून येतो, पुढच्या वर्षी हात आखडतो. कल्टार घालून दरवर्षी मोहोर आणता येतो, पण खतपाण्यात हयगय केली तर झाड दमतं. बार्सिलोनाचा पेद्री अठरा वर्षांचा असताना २०२०-२१ च्या हंगामात क्लब, युरो आणि टोकियो ऑलिंपिक मिळून सत्तरहून जास्त सामने खेळला. पुढचा हंगाम त्याचा मांडीच्या दुखापतींनी खाल्ला. पंचवीस जणांचा संघ कशासाठी असतो? शेवटच्या आठ जणांवर विश्वास ठेवण्यासाठी. जे प्रशिक्षक अकरा जणांनाच पिळतात ते मला मान्य नाहीत, चषक जिंकले तरी.

आणि आपल्या देशात तर खेळाडूला हंगामाचीच खात्री नाही. २०२५ मध्ये आयएसएल वेळेवर सुरूच झाली नाही, काही क्लबांनी पगार थांबवले, सराव थांबवला. ज्याला पुढचा सामना कधी ते ठाऊक नाही, त्याच्या फॉर्मवर आपण कोणत्या तोंडाने बोलायचं?

आता आपल्या तालुक्याकडे येतो. आपल्याकडच्या स्पर्धांत अंतिम सामन्यासाठी गोव्याहून पाहुणे खेळाडू आणायची पद्धत पडलीय. एका वर्षी मी ज्या संघाची निवड करत होतो, त्यात मीही दोन स्ट्रायकर आणले. पोरं उत्तम होती, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. त्यांच्यासाठी मी आमच्या एका मुलाला बाहेर बसवलं, जो तीन वर्षं चिखलात, पावसात त्याच मधल्या फळीबरोबर खेळला होता. सामना आम्ही दोन गोलांनी हरलो. पाहुणे एकीकडे धावत होते, पास दुसरीकडे पडत होते. तो मुलगा पुढच्या पावसाळ्यात सरावाला आला नाही. आज तो गोव्यात हॉटेलात नोकरी करतो, भेटला की नीट बोलतो, फुटबॉलचा विषय मात्र काढत नाही. ती निवड माझी चूक होती. म्हणून मी आजच्या निवड समित्यांना हात जोडून सांगतो, पाहुणा आणायचाच असेल तर जूनमध्ये आणा. चार महिने चिखलात आपल्यांबरोबर खेळवा.

भाषण संपवत होतो, तेवढ्यात मागच्या बाकावरून नववीतल्या एका मुलीने हात वर केला. ती शाळेच्या संघात गोलरक्षक आहे. गेल्या सामन्यात तिच्या हातून सुटलेला चेंडू गोलात गेला, आणि आता तिला उभं राहायची भीती वाटते, असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं. बाळा, हे बोलायला धाडस लागतं. तुला गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणीची गोष्ट सांगतो.

तो गोव्याचा. २० डिसेंबर २०१५, फातोर्डा, आयएसएलचा अंतिम सामना, एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन. मी स्टँडात होतो. ८७ व्या मिनिटाला गोवा २-१ ने पुढे गेला, माझ्या बाजूचे अनोळखी काका मला मिठी मारून रडायला लागले. मग नव्वदाव्या मिनिटाला चेंडू कट्टीमणीच्या अंगाला लागून आपल्याच गोलात गेला, आणि नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाईच्या मिनिटांत चेन्नईने तिसरा मारला. घरच्या मैदानावर, घरच्या लोकांसमोर. स्टँडातून त्याच्यासाठी जे शब्द आले ते मी इथे उच्चारणार नाही. नंतर तो हैदराबादला गेला. तिथे त्याच्यापुढे चिंगलेनसना सिंग आणि हुआनान अशी बचावाची जोडी उभी राहिली आणि प्रशिक्षक मानोलो मार्केझ त्याच्या पाठीशी राहिले. २० मार्च २०२२ ला तो पुन्हा फातोर्ड्यावर अंतिम सामन्यात उभा होता, समोर केरळ ब्लास्टर्स. हैदराबाद मागे होती, ८८ व्या मिनिटाला बदली म्हणून आलेल्या साहिल तावोराने, तोही गोव्याचाच, बरोबरी साधली. मग पेनल्टी. कट्टीमणीने तीन अडवल्या. त्याच मैदानावर, सव्वासहा वर्षांनी. मी घरी टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवत होतो, आणि मला मिठी मारणारे ते काका कुठे असतील असं मनात येत होतं.

त्या तीनही पेनल्टी माझ्या मोबाइलमध्ये आहेत. कार्यक्रम संपला की थांब, दाखवतो. आणि तुमच्या संघात तुझ्यापुढे स्टॉपरला, म्हणजे मधल्या बचावाला, कोण खेळतं? आलीय का ती? मग तिलाही बोलाव, दोघी मिळून बघा.