‘एन्व्ही’ आणि न बघवणे

मित्रहो, मी गिरगावातल्या चाळीत वाढले आणि दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. अकरावीच्या इंग्रजी धड्यात ‘एन्व्ही’ हा शब्द आला, तेव्हा मी पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने ‘मत्सर’ असा अर्थ लिहून ठेवला. पुढे एका वर्गमैत्रिणीने माझी वही चाळताना ‘आय एन्व्ही युवर हँडरायटिंग’ असे हसतमुखाने म्हटले आणि मी दुखावले गेले. कारण षड्रिपूंतला सहावा रिपू कोणी असा तोंडावर कबूल करील, हे मला कल्पनेतही शक्य वाटत नव्हते. तिला माझ्या अक्षराचा हेवा वाटत होता, एवढेच.

हेवा वाटणाऱ्याला तीच गोष्ट आपल्याजवळही असावी असे वाटते. मत्सर करणाऱ्याला ती दुसऱ्याजवळ नसावी असे वाटते. इंग्रजीत या दोन्हींसाठी बहुधा एकच शब्द चालतो, म्हणून भाषांतर करणाऱ्याला प्रत्येक वेळी वाक्यातल्या माणसाचे मन ओळखून मराठी शब्द निवडावा लागतो. असूया आणखी निराळी. पाणिनीच्या सूत्रावर लिहिताना ‘काशिका’ या जुन्या संस्कृत व्याकरणटीकेच्या कर्त्यांनी ईर्ष्या म्हणजे सहन न होणे आणि असूया म्हणजे गुणांत दोष काढणे, असा स्वच्छ भेद केला आहे. एवढी संपत्ती घरात असताना आज मुंबईत आपण सगळ्यालाच ‘जेलस’ म्हणून मोकळे होतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. शिवाय ‘जेलसी’मध्ये मुळात जे आपले आहे ते तिसरा कोणी हिरावून नेईल ही धास्ती असते, आणि तिला मराठीत संशय हा शब्द पुष्कळदा अधिक जवळचा ठरतो.

‘एन्व्ही’चे मूळ मला फार उशिरा कळले. लॅटिनमधल्या ‘इन्विदेरे’ या क्रियापदापासून तो आला, आणि त्याचा अर्थ वाईट नजरेने पाहणे असा आहे. इटालियन कवी दान्ते याच्या काव्यात मत्सरी जीवांच्या पापण्या लोखंडी तारेने शिवलेल्या असतात, त्याचे कारण हेच. हे वाचले आणि चाळीतल्या बायकांची बोली कानांत घुमू लागली: डोळ्यांत खुपते, दृष्ट लागते, आणि सर्वांत नेमके म्हणजे, ‘तिला दुसऱ्याचे चांगले बघवत नाही.’ शब्दकोशात ‘एन्व्ही’समोर मी हे क्रियापद आधी लिहीन, नामे मागाहून.

शेजारची माझी मैत्रीण इंग्रजी शाळेत जाऊ लागली, त्या पहिल्या सकाळी तिच्या आईने गॅलरीत बसून तिच्या काळ्या बुटांचे बंद बांधले आणि मीठमोहरी ओवाळून टाकली. ती माझ्याकडे पाहून हात हलवत होती. मी दाराआड झाले, आणि तिची पावले लाकडी जिना पुरता उतरेपर्यंत तिथेच भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.