तीच वाट, नवी तार

[पहाट. धुक्यातून हळूहळू उघडा होणारा मनोरा. तारा दोन्ही बाजूंना धुक्यात विरलेल्या.]

लांबून बघितलं तर यात म्हातारं झालेलं काहीच दिसत नाही. मनोरा ताठ उभा आहे, तारा जागच्या जागी आहेत, वीज चालू आहे. २२० केव्हीच्या, म्हणजे २ लाख २० हजार व्होल्टच्या, वाहिनीचं वय असं लांबून कळत नाही. तेच मनोरे ठेवून नुसती तार बदलायची, तर आधी ते उघडून बघावं लागतं.

[क्लोजअप: सस्पेन्शन क्लॅम्प. पान्याने बोल्ट सुटतो. आतली तार.]

या क्लॅम्पमध्ये तार विसावलेली असते. बोल्ट सोडून तार उचलली की बाहेरच्या थरावर काळपट पट्टा दिसतो. नीट बघा, ज्या बारीक तारा वळून ही तार बनते त्यांतले दोन पदर तुटलेले आहेत. हे वादळाने तुटलेले नाहीत, मंद वाऱ्याने तुटलेत. सेकंदाला दोन-तीन मीटर वेगाचा वारा अंगठ्याहून किंचित जाड तारेला आडवा लागला, की तार सेकंदाला पंधरा-वीस वेळा थरथरते. गाळ्याच्या, म्हणजे दोन मनोऱ्यांमधल्या अंतराच्या, मध्ये ती मोकळी असते, क्लॅम्पपाशी जखडलेली. वाकण्याचा सगळा ताण त्याच इंचभर जागेवर येतो, वर्षानुवर्षं. बाहेरचे पदर शाबूत आणि आतले तुटलेले, असंही सापडतं. म्हणून खालून दुर्बिणीने बघून ‘तार ठीक आहे’ असा शेरा मारणं धोक्याचं.

[तारेखाली लटकणारा डॅम्पर. दुसरा डॅम्पर सरकत गाळ्यात खूप आत गेलेला.]

तारेखाली डंबेलसारखी दिसणारी ही वस्तू या थरथरीसाठीच असते. जॉर्ज स्टॉकब्रिज या अभियंत्याने १९२०च्या दशकात ती शोधून काढली, आणि जगभर ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. इथे तिचा क्लॅम्प सैल झाला आणि ती सरकत लांब गेली. आता ती तारेवर नुसतं वजन आहे.

[हूक आणि कडी. हुकाच्या आतल्या बाजूला झिजून पडलेली खाच. बाजूला धरलेला व्हर्निअर कॅलिपर.]

चिनीमातीच्या चकत्यांची माळ ज्या हुकाला टांगलेली असते, तो हूक हा. लोखंडावर लोखंड घासून आत खाच पडली आहे. नोव्हेंबर २०१८मध्ये कॅलिफोर्नियात जवळजवळ शंभर वर्षं जुना असाच एक हूक झिजून तुटला, तार मनोऱ्याला लागली, ठिणग्या खाली वाळक्या गवतात पडल्या. त्या आगीत पॅराडाइज हे गाव जळालं आणि ८५ माणसं गेली.

[वर्कशॉपचं टेबल. कापलेल्या तारेचे पदर एकेक करून उलगडतात. आतून पांढरी भुकटी सांडते.]

ही जुनी ‘झेब्रा’ तार. या तारांना प्राण्यांची नावं द्यायची जुनी पद्धत आहे: पँथर, झेब्रा, मूस. झेब्रात ॲल्युमिनियमचे ५४ पदर आणि मधोमध पोलादाचे ७, प्रत्येक पदर ३.१८ मिलिमीटर जाडीचा. ॲल्युमिनियम वीज नेतं, पोलाद प्रामुख्याने ताण पेलतं. पोलादावरचा जस्ताचा मुलामा संपला की त्याला लागून असलेलं ॲल्युमिनियम गंजायला लागतं आणि अशी पांढरी भुकटी होते. तार बाहेरून कुठे फुगलेली दिसली तर तिथे आत हेच असतं. नमुना कापून प्रत्येक पदर ओढून बघतात, पिळून बघतात. पोलादाचा पदर ठरलेले पीळ सोसण्याआधीच तुटला, तर ती तार उतरवायचीच.

[रुंद दृश्य: दोन मनोरे, मधला गाळा, तारेचा झोळ. पडद्यावर रेषा उमटते.]

आता झोळ. या विषयातलं सगळं गणित इथे येऊन थांबतं. साडेतीनशे मीटरच्या गाळ्यात झेब्रा तारेचं वजन साडेपाचशे किलोच्या वर भरतं. साधारण ३,२०० किलोच्या ताणाने ती ओढली तर मध्यभागी पावणेआठ मीटर खाली येते. एवढा झोळ असूनही तारेची लांबी दोन टोकांमधल्या सरळ अंतरापेक्षा फक्त ४६ सेंटिमीटर जास्त असते. म्हणजे उन्हाने आणि प्रवाहाने तार तापून आणखी १५ सेंटिमीटर लांबली, की झोळ एक मीटरहून अधिक वाढतो. जमिनीपासूनचं अंतर तेवढं कमी होतं. खाली झाड असेल तर ते तारेला भिडतं. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेतल्या ओहायोत तारा अशाच झाडांना टेकल्या, आणि त्यातून वाढत गेलेल्या बिघाडाने अमेरिका-कॅनडातले सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले.

जुन्या वाहिनीत वीज वाढवता येत नाही त्याचं मुख्य कारण हेच. मनोरा थकलेला नसतो, तार तापून खाली येते.

[नव्या तारेचा आडवा छेद. मधोमध काळा गुळगुळीत गाभा.]

या छेदात पोलाद नाही. मधला काळा गाभा कार्बन तंतूंचा आहे, त्याभोवती काचतंतूंचं कवच. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागले तर ॲल्युमिनियम गंजतं, म्हणून मध्ये काच. तापल्यावर हा गाभा पोलादाच्या सुमारे सातव्या हिश्श्याइतकाच लांबतो. भोवतीचे पदर गोल नाहीत, विटेसारखे घट्ट बसणारे आहेत, त्यामुळे तेवढ्याच जाडीत सव्वापटीहून जास्त ॲल्युमिनियम मावतं. जुन्या तारेला ७५ ते ८५ अंशांवर थांबवावं लागतं, ही १८० अंशांपर्यंत चालते. प्रवाह साधारण दुप्पट. जाडी तीच, वजन जवळपास तेवढंच, म्हणून मनोऱ्यावर वाऱ्याचा भार वाढत नाही. मनोरे तेच, जागा तीच.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. प्रवाह दुप्पट झाला की तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज चौपट होऊ बघते. नव्या तारेचा रोध कमी असल्याने ती थोडी आवरते, पण वाढतेच. त्यामुळे दुप्पट क्षमता रोज वापरायची नसते. शेजारची वाहिनी अचानक बंद पडली तर तिचा भार काही तास उचलायचा, त्यासाठी ती असते.

[शेत. बांधावर नकाशा पसरलेला. चार-पाच शेतकरी आणि दोन अभियंते वाकून बघताहेत. एका वयस्क माणसाचं बोट नकाशावर.]

कामाची खरी सुरुवात इथे होते, आणि ती तार येण्याच्या कित्येक महिने आधी व्हायला हवी.

या नकाशावर मनोऱ्याचे चार पाय आहेत, पण पायाभरणीच्या वेळी कुठला खड्डा पाण्याने भरला होता, ते नाही. पावसाळ्यात कुठे महिनाभर चिखल राहतो, ते नाही. जमिनीखालून पाण्याची पाइपलाइन कुठून नेली आहे, तेही नाही. हे सगळं ज्याची जमीन आहे त्याला माहीत असतं. त्याने ‘हा पाय दर पावसाळ्यात पाण्यात असतो’ असं सांगितलं, की पहिली कुदळ तिथेच मारायची.

[कुदळीने पायाभोवतीची माती निघते. काँक्रीट आणि लोखंड जिथे भेटतात तिथे तांबूस गंज.]

बघा. वर सगळं शाबूत, आणि काँक्रीटच्या तोंडाशी पायाचा लोखंडी अँगल निम्मा खाल्लेला. पाणी साचून राहिलं की लोखंड आधी इथेच सडतं. असा पाय दुरुस्त केल्याशिवाय वर तारेला हात लावायचा नाही.

[घराच्या ओट्यावर बैठक. एका बाईंच्या हातात मोजणीयंत्र, त्या आकडा वाचून दाखवतात.]

लोक सर्वांत आधी विचारतात ते तब्येतीबद्दल. उत्तर सोपं करून सांगण्याचा मोह टाळायला हवा. व्होल्टेज तेच राहतं, त्यामुळे तारेखालचं विद्युत क्षेत्र बदलत नाही. चुंबकीय क्षेत्र मात्र प्रवाहाबरोबर वाढतं, म्हणजे भर लोडवर ते आधीच्या दुप्पट होऊ शकतं. अशा क्षेत्रांपासून संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने (आयसीएनआयआरपी) २०१०मध्ये सर्वसामान्य लोकांसाठी २०० मायक्रोटेस्ला ही पातळी सांगितली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००२मध्ये या क्षेत्राला ‘कर्करोगाची शक्यता असू शकेल’ अशा गटात ठेवलं, हेही सांगावं. मग यंत्र त्यांच्याच हातात द्यावं. तारेखाली मोजावं, घराच्या दारात मोजावं, चालू मिक्सरजवळ मोजावं. काम झाल्यावर त्याच जागांवर पुन्हा मोजून दोन्ही आकडे लिहून द्यावेत.

[एका मोठ्या तक्त्यावर मनोऱ्यांचे क्रमांक, पिकांची नावं, तारखा. खडूने एक चौकोन पुसून दुसरीकडे काढला जातो.]

या तक्त्याकडे लक्ष द्या. वाहिनी बंद ठेवायची परवानगी विजेची मागणी कमी असते तेव्हाच मिळते, आणि तो काळ नेमका काढणीवर येऊ शकतो. तारीख हलवता येत नाही. पण तार ओढणारं यंत्र कुठे उभं करायचं, ते हलवता येतं. ते मनोऱ्यापासून त्याच्या उंचीच्या निदान तीन-चार पट अंतरावर असलं पाहिजे, म्हणजे दोर फार खड्या कोनात वर जात नाही आणि मनोऱ्याच्या हातावर जादा भार येत नाही. एवढं पाळलं तर आजूबाजूचं काढणी झालेलं रान शोधता येतं. उभं पीक वाचवायला बहुतेक वेळा दोन-तीनशे मीटरची सरकासरकी पुरते, फक्त ती आधी विचारलेली असावी लागते. शेतात खुंटी आधी आणि पत्र नंतर, असं एकदा झालं की पुढचं वर्षभर कोणी फाटक उघडत नाही. नुकसानभरपाईचे दर आणि हप्ते काम सुरू होण्याआधी लेखी ठरतात.

[सकाळ. मनोऱ्यावर चढणारे लाइनमन. खाली तांब्याच्या जाड तारा जमिनीत पुरलेल्या सळयांना जोडल्या जातात.]

वाहिनी बंद. पण बंद तार मेलेली नसते. याच मनोऱ्यांच्या दुसऱ्या बाजूचं सर्किट चालू आहे आणि ते या तारेत व्होल्टेज उत्पन्न करतं, हात लावला तर जीव घेण्याइतकं. म्हणून कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग. यंत्राभोवती कुंपण, आणि चालकाच्या पायाखाली यंत्राशीच जोडलेली धातूची जाळी. यंत्रावर उभं राहून जमिनीवरच्या माणसाच्या हातात पाना द्यायचा नाही. अपघात इतक्या साध्या हालचालीत होतात.

[ड्रोन उडतो. मागे बारीक दोरी. मनोऱ्यावरचा माणूस ती कप्पीत ओवतो.]

जुन्या तारेलाच नवी बांधून ओढायची, हा जुना रस्ता. ती तार कुजलेली असेल तर मध्येच तुटते आणि दोन्ही तारा रस्त्यावर येतात. म्हणून इथे ड्रोनने आधी बारीक दोरी, दोरीने जाड दोर, दोराने पोलादी रोप, आणि रोपाने नवी तार. खाली शेतातल्या एकाही ओळीवरून तार घासटत जात नाही.

[टेन्शनरच्या चाकांवरून फिरत निघणारी नवी तार. जमिनीला न टेकता गाळा पार करते. खाली रस्त्यावर बांबू-पाइपांचा मांडव.]

एका टोकाला ओढणारा पुलर, दुसऱ्या टोकाला अडवून धरणारा टेन्शनर. दोघांचे चालक वायरलेसवर सतत बोलतात. कार्बनचा गाभा ओढायला दमदार, पण मोडायला नाजूक. लहान कप्पीवरून किंवा ड्रमच्या काठावरून तो टोकदार वाकला की आतले तंतू चिरतात, वरून काहीही दिसत नाही, आणि तार महिन्यांनी तुटते. म्हणून कप्प्या मोठ्या, आणि वाहिनी जिथे वळते त्या कोनाच्या मनोऱ्यावर प्रत्येक कप्पीपाशी एक माणूस.

[जोडकाम. हॅक्सॉने गाभा कापला जातो. मग १०० टनी हायड्रॉलिक प्रेस.]

गाभा हॅक्सॉनेच कापायचा. बोल्टकटरने तो चेपतो आणि तंतू उभे फाटतात. पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासून पुसायचा, मग पाचरीसारखी पकड बसवायची, वर ॲल्युमिनियमची नळी आणि प्रेस. प्रत्येक दाब आधीच्या दाबावर थोडा चढलेला. शेवटी षटकोनाचं माप कॅलिपरने घ्यायचं. माप जास्त भरलं तर साचा झिजलाय, जोड कापून पुन्हा करायचा.

[मनोऱ्यावर बसलेला लाइनमन. तारेला हलका हिसका. दुसऱ्या हाताची बोटं तारेवर, खाली एक जण स्टॉपवॉच धरून.]

झोळ बरोबर बसला का? यंत्रं आहेत, पण ही जुनी रीत अजून सगळ्यांना येते. तारेला हिसका दिला की लाट पलीकडच्या मनोऱ्यापर्यंत जाते, आपटून परत येते आणि बोटांना लागते. एका फेरीच्या सेकंदांचा वर्ग करून ०.३०६ने गुणला की झोळ मीटरमध्ये मिळतो. चूक कमी व्हावी म्हणून तीन फेऱ्या मोजतात. एक… दोन… तीन. पंधरा सेकंद. फेरीला पाच, म्हणजे झोळ ७.६५ मीटर. हेच सोळा सेकंद भरले असते, तर तार मीटरभर खाली असती. गाळा लांब असो वा आखूड, सूत्र तेच राहतं.

[संध्याकाळ. थर्मल कॅमेऱ्याच्या पडद्यावर निळसर तारा. जोडाचा ठिपका तारेपेक्षा गडद निळा.]

वाहिनी चालू झाली. चांगला जोड तारेपेक्षा थंड दिसतो, कारण त्यात धातू जास्त असतो. हा थंड आहे. जो पिवळा दिसेल तो उद्या पुन्हा उघडायचा.

[पुलर उभा होता ते रान. नांगराने दबलेली माती मोकळी होते. दोन मजूर आणि शेतकरी खाली वाकून काही उचलताहेत.]

तारेचे कापलेले तुकडे. बोटभर लांबीचे, मातीच्या रंगात मिसळलेले. चाऱ्यातून जनावराच्या पोटात जातात, कापणीयंत्राच्या पात्यात अडकतात. म्हणून आधी सगळं रान चुंबकाने आणि मग डोळ्यांनी, कारण ॲल्युमिनियम चुंबकाला लागत नाही.

[जुना फोटो मोबाइलवर, समोर तेच रान. शेतकरी दोन्हीकडे बघतो. मग पेन मागतो.]