विटेच्या पोटातलं इंधन

बोलण्याआधी एक काम उरकतो. या काचेच्या बाटलीत मूठभर माती आहे, वर पाणी आहे. खळखळून हलवली, आता टेबलावर ठेवून देतो. राहू दे तिथेच.

ऊर्जा वाचवणारं घर म्हटलं की आपल्याला आधी विजेचं बिल आठवतं. पंखे, एसी, गच्चीवरची सोलर पॅनेलं. पण घरात पहिला दिवा लागण्याआधीच भिंतींनी किती इंधन खाल्लेलं असतं? बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली अमूल्य रेड्डींच्या पुढाकारानं ‘अस्त्र’ नावाचा गट उभा राहिला. नाव लढाईचं, काम मात्र खेड्यांच्या उपयोगाचं विज्ञान करण्याचं. तिथल्या के. एस. जगदीश आणि बी. व्ही. वेंकटराम रेड्डी यांनी विटेच्या पोटातलं हे इंधन मोजलं.

एका भाजक्या विटेमागे त्यांच्या हिशेबात ४.२५ मेगाज्यूल ऊर्जा जाते. यंत्रात दाबलेल्या मातीच्या ठोकळ्याला भट्टी लागतच नाही. त्यात ६ टक्के सिमेंट घातलं, तर एका विटेएवढ्या आकारमानामागे साधारण १ मेगाज्यूल लागतो. सिमेंट ८ टक्के केलं की १.३५. फक्त दोन टक्क्यांनी एवढा फरक, कारण यातली बहुतेक ऊर्जा सिमेंटबरोबरच येते. “साहेब, थोडं जास्त टाकू, पक्कं होईल,” असं मिस्त्री म्हणाला की मी त्याला हे आकडे सांगतो. तो हसतो आणि टाकायचं तेवढं टाकतोच, ते सोडा.

कृती साधी आहे. चाळलेली माती आणि सिमेंट कालवायचं, बेताचं पाणी शिंपडायचं, साच्यात भरून दांड्यानं दाबायचं. ठोकळा लगेच बाहेर. मग तीन-चार आठवडे पाणी मारत ठेवायचा, आणि घाई नेमकी इथेच होते. ताकद तपासायची तर कोरडा ठोकळा दाबून बघण्यात अर्थ नाही. दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवा, मग दाबा. पावसात भिंत कशी वागेल ते त्यावरून कळतं.

खरी मेख मातीत आहे. बंगळूरकडची तांबडी माती या कामाला सोयीची. आपली काळी माती पाण्यानं फुगते, उन्हात भेगाळते. तिला नुसतं सिमेंट आवरत नाही. चुना लागतो, वाळू मिसळावी लागते. यंत्र विकत आणून शेतातली माती तशीच भरली, तर ठोकळे तडकणार, आणि नाव बदनाम होणार तंत्राचं. गावाजवळच्या अभियांत्रिकी कॉलेजच्या प्रयोगशाळेत माती तपासून मिळते. तिथे आधी जा.

आता बाटली बघा. वाळू केव्हाच तळाला बसली. वरचं पाणी अजून गढूळ आहे, त्यात चिकणमाती तरंगतेय. तिचा थर मोजायचा तर उद्या सकाळी यावं लागेल.