धुऱ्यावर उभा राहिलेला पोरगा

नमस्कार श्रोतेहो.

सोयाबीन निघालं, वावरं मोकळी झाली, वखराची एक पाळी फिरली, की आपल्याकडे फुटबॉल सुरू होतो. पऱ्हाटीवाल्यांच्या पोरांना अजून थांबावं लागतं, ते बिचारे तोवर दुसऱ्याच्या वावरात खेळतात. ज्वारी होती तेव्हा घरात भाकर होती, गोठ्यात कडबा होता. सोयाबीननं दोन्ही नेलं आणि बदल्यात पोरांना मैदान दिलं, एवढाच काय तो नफा. असो.

आज बोलायचं आहे कडेनं चढाई करण्याबद्दल. कामठीसारख्या गावात फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे, तिथल्या पोरांना मी काय सांगणार? हे बोलणं वावरात खेळणाऱ्यांसाठी.

आपली पोरं खेळतात कशी, ते तुम्ही पाहिलंच आहे. चेंडू जिथं, तिथं सगळे. आग्यामोहोळ उठल्यासारखे. हीच पोरं कबड्डीला उतरली की न सांगता पांगतात, कोपऱ्यावरचा गडी कोपरा सोडत नाही. फुटबॉल दिसला की कोपरा विसरतात.

आता साधा हिशेब पाहा. आंतरराष्ट्रीय सामन्याचं मैदान साधारण 68 मीटर रुंद. समोरच्यांचे शेवटच्या ओळीत चार बॅक. तुमचे दोन गडी दोन्ही बाजूंच्या रेषांना चिकटून उभे राहिले, तर त्या चौघांना 68 मीटर राखावे लागतात, माणशी 17. तुम्ही सगळेच मधात घुसलात तर त्यांचं काम सोपं. म्हणून ध्यानात ठेवा, एकानं तरी रेषेवर उभं राहायचं. चेंडू येत नाही म्हणून कंटाळून आत यायचं नाही. रेषेवर उभं राहायचं.

हे मला कुठल्या शिबिरात कळलं नाही. एका बैलामुळं कळलं.

मी शाळेत पीटीचा मास्तर होतो तेव्हाची गोष्ट. शेजारच्या गावाशी सामना, एका पालकाच्या वावरात. सोयाबीनचे खुंट उपटले होते, तरी मधूनमधून पायाला टोचत होते. चेंडू इतका जुना, की एका बाजूची शिवण उसवून आतला ब्लॅडर बोराएवढा बाहेर आलेला. जमिनीवरून कसाबसा चालायचा, हवेत काही उठायचा नाही. उजव्या धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, एक बाभूळ, तिला एक बैल बांधलेला. बैल आमच्याच संघातल्या एका पोराचा. बाप बाजाराला जाताना याच्या गळ्यात टाकून गेलेला.

सामना सुरू झाला आणि हा पोरगा धुऱ्यावरून हलेना. मी ओरडलो, "अबे, काहून उभा हायेस तिथं? मधात जा!"

"गुर्जी, दावं कच्चं हाये. बैल त्याइच्या तुरीत गेला तं बा मले झोडपन!"

ओरडून ओरडून माझा घसा बसला. हा आपला धुऱ्यावर, एक डोळा बैलावर, एक डोळा चेंडूवर. बाकी सगळे मधात धूळ उडवताहेत. दुसऱ्या डावात कोणाचा तरी चुकलेला फटका गर्दीतून निसटला, तो थेट याच्या पायाशी. जवळ चिटपाखरू नाही! पळाला की हो धुऱ्याच्या कडेकडेनं, पार गोलरेषेपर्यंत. त्यांचे बॅक आपल्याच गोलकडे तोंड करून धावले, गोलकीपर जवळच्या खांबाला चिकटला. मी ओरडतोय, "वर मार, वर मार!" अहो, वर उठणारा चेंडू होता कुठं? पोरानं अनवाणी पायानं चेंडू जमिनीवरून मागं सरकवला. तिकडून आमचा एक बारका गडी रमतगमत येत होता, सगळ्यांच्या मागं राहिलेला. त्यानं नुसता पाय लावला. गोल!

लगेच भांडण. "ऑफसाइड! ऑफसाइड!" पंच होते गावचे पोस्टमन. त्यांनी शांतपणे विचारलं, "चेंडू पुढं दिला का मागं?"

"मागं."

"मग कायचं ऑफसाइड?"

बरोबर आहे. ऑफसाइड म्हणजे पास सुटताना चेंडूच्या आणि त्यांच्या बॅकच्याही पुढं, गोलजवळ असणं. सहकाऱ्यानं पास देताना जो गडी चेंडूच्या मागं असतो, तो ऑफसाइड नसतो. तुम्ही गोलरेषेपर्यंत पोचलात की तुमचे बहुतेक गडी आपोआप चेंडूच्या मागंच. शिवाय त्यांच्या बॅकची पाठ मैदानाकडे, मागून कोण येतंय ते त्यांना दिसतच नाही. म्हणून दुसरी गोष्ट, गोलरेषेपर्यंत जा आणि जमिनीवरून मागं द्या. पुन्हा सांगतो, गोलरेषेपर्यंत जा, जमिनीवरून मागं द्या.

बाकीचं थोडक्यात. कडेच्या गड्याच्या बाहेरून आपला बॅक पळवला, की समोरच्या एकट्यावर दोघं जातात. ब्राझीलचे काफू आणि रोबेर्तो कार्लोस हेच करायचे. डावखुरा उजवीकडे खेळवला, की तो आत वळून गोलवर मारतो, नेदरलँड्सच्या आर्येन रॉबेनसारखा. आणि आपले पी. के. बॅनर्जी, उजव्या कडेचेच. 1962 साली जकार्त्याच्या आशियाई स्पर्धेत आपण दक्षिण कोरियाला 2-1 हरवून सुवर्णपदक आणलं, त्यातला एक गोल त्यांचा. आजच्या पोरांना रोनाल्डोसारखे केस कापायचे असतात, पी. के. कोण म्हटलं की आभाळाकडे पाहतात. मी न्हाव्यालाही सांगून ठेवलं आहे, पण ऐकतो कोण?

हां, बैलाचं राहिलंच. गोल झाला, सगळे त्या पोराला मिठ्या मारताहेत, आणि नेमकं तेव्हाच दावं तुटलं. बैल तुरीत! पंचांनी शिट्टी फुंकली, दोन्ही गावची पोरं बैलामागं. आणि काय सांगू श्रोतेहो, दोघं त्या टोकाच्या धुऱ्यावर, दोघं या टोकाला, बाकीचे अंतर राखून मधात. कोणालाच काही सांगावं लागलं नाही. अर्ध्या तासानं बैल हाती लागला. तुरीवाल्यानं तुरीच्या मोडलेल्या चार ओळींचा हिशेब लावला, तो मी माझ्या पगारातून भरला. सामना 1-0 नंच संपला.

नमस्कार.