माशाचं वजन पेलणारी तार: हाताने बनवलेला स्ट्रिंगर

(दृश्य: शिकंज्यात पकडलेली चकचकीत तार)

पकडलेले मासे ओवून ठेवायचं साधन म्हणजे स्ट्रिंगर. दिसायला किरकोळ, पण तो दगा देतो तेव्हा दिवसभराची मासळी तळाशी जाते. सळई स्वतः सहसा तुटत नाही. घात होतो तो वाकांमध्ये आणि जोडांमध्ये.

भाल्याने मासे मारणाऱ्यांना कमरेला लावायला सेफ्टी पिनच्या आकाराचा स्ट्रिंगर सोयीचा. त्यासाठी ४ मिलिमीटर जाडीची, ६० सेंटिमीटर लांब, ३१६ प्रतीच्या स्टेनलेसची तार घ्यायची. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे खाऱ्या पाण्यात तिला बारीक खड्डे लवकर पडत नाहीत. पण तार स्प्रिंगची, म्हणजे कडकच हवी. मऊ तार एकदा दाबली की दाबलेलीच राहते आणि पिन बंद होत नाही.

(दृश्य: १६ मिलिमीटरच्या दांड्याभोवती तार गुंडाळताना)

मधोमध दीड वेढा. हात सोडला की वेढा थोडा उघडतो, म्हणून दांडा हव्या त्या मापापेक्षा बारीक घ्यायचा. वाक चुकला तर त्याच जागी सरळ करून पुन्हा वाकवू नका. तिथे तार ठिसूळ होते आणि पुढे तिथेच चिरते. तापवून वाकवण्याचा मोह तर टाळाच. तापवलं की कडकपणा जातो, आणि निळसर-तपकिरी डाग पडतो तिथूनच गंज धरतो.

एका टोकाला आकडा. त्याची आतली रुंदी ८ मिलिमीटर, खोली किमान १५. आकडा उथळ राहिला तर खडकाला किंवा होडीच्या काठाला घासून दुसरी बाजू दबते, निसटते आणि पिन उघडते. स्प्रिंगचा जोर तारेला आकड्यात ढकलणारा हवा, बाहेर नाही.

दुसऱ्या टोकाची शेवटची २५ मिलिमीटर लांबी निमुळती करायची. चाकावर घासताना दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवायचं. शेवटी गोल फिरवत एमरी पेपर मारायचा, म्हणजे पैलू उरत नाहीत; पैलू राहिले तर मांस कापलं जातं. अगदी टोक किंचित बोथट ठेवा, नाहीतर ते वेटसूटमध्ये घुसतं. लोखंडावर वापरलेली कानस इथे नको. तिचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि तांबूस ठिपके उमटतात.

गळाने पकडलेल्या माशांसाठी वेगळी रचना: ६ मिलिमीटरची, १५ सेंटिमीटर लांब सळई, तिच्या मध्यात अडीच मिलिमीटरचं भोक, त्यातून २ मिलिमीटरची स्टेनलेस केबल. कोबाल्टचं ड्रिल, कमी वेग, भरपूर तेल, सतत दाब. ड्रिल नुसतं घासत राहिलं तर ती जागा आणखी कडक होते.

(दृश्य: भोकाची कड, अगदी जवळून)

ही कड दोन्ही बाजूंनी मोडलीच पाहिजे, म्हणजे घासून तिची धार काढली पाहिजे, नाहीतर केबलचा एकेक पदर कापला जातो. केबल दुमडून तिच्यावर दोन बुशा, म्हणजे पकड देणाऱ्या छोट्या नळ्या, दाबायच्या, तांब्याच्या, निकेल चढवलेल्या. ॲल्युमिनियमची बुशी स्टेनलेसला लागून खाऱ्या पाण्यात झपाट्याने झिजते. बुशीच्या तोंडाशी मार्करने रेघ मारून १५ किलो वजन टांगा. रेघ सरकली, तर पकड कच्ची आहे.

मासा जिवंत ठेवायचा असेल तर सळई खालच्या ओठाच्या पातळ पडद्यातून घाला. कल्ल्यातून घातली तर कल्ले फाटतात, दोन्ही ओठ शिवले तर त्याला श्वास घेता येत नाही. ओवण्याआधी मासा मोजा. ओवलेला मासा सोडून देणं अनेक ठिकाणी नियमाने मना आहे, आणि सोडलेला मासा जगेलच असंही नाही. शार्क फिरत असतील तिथे स्ट्रिंगर कमरेला नकोच, दूरच्या बोयाला बांधा.

वापरानंतर गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचा, नुसतं वरून पाणी ओतून भागत नाही. मीठ बुशीच्या आत साठतं. बुशीच्या तोंडाशी तपकिरी डाग दिसला की केबल कापून नवी घाला. सळई तीच चालते.