वॉशिंग्टन हरला असता, तर पुण्याचं काय?

(अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळाच्या उन्हाळी मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी. वडे गरम आहेत आणि माझ्यानंतर अंताक्षरी आहे, तेव्हा थेट मुद्द्यावर येते.

रविवारच्या आपल्या मराठी शाळेत परवा तिसरीतल्या एका मुलीने विचारलं, "वॉशिंग्टन हरला असता तर आजोबांच्या पुण्यात इंग्रज आधीच आले असते का?" त्यावर वर्गात बसलेल्या एका पालकांनी "इतिहासात जर-तरला अर्थ नसतो" असं सांगून तिला गप्प केलं. हे कोण सांगतंय? दर संक्रांतीला तिळगूळ खात, विश्वासरावांना गोळी लागली नसती तर काय झालं असतं, यावर मध्यरात्रीपर्यंत भांडणारे आपण!

जर-तरला अर्थ असतो, पण तो शिस्तीत करावा लागतो. जिथे निकाल खरोखर अधांतरी होता अशी जागा शोधायची. तिथली एकच गोष्ट बदलायची, तीही त्या दिवशी शक्य असलेली. मग एकेक कडी पुढे जायचं, आणि कडी पातळ झाली की थांबायचं. आपण पानिपतावर रसद, सूरजमल, होळकर आणि थंडी सगळंच एका दमात बदलतो. म्हणून तर दर वर्षी जिंकतो.

इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या अमेरिकनांचा सेनापती वॉशिंग्टन, त्याच्यासाठी अशी जागा आहे २९ ऑगस्ट १७७६ची रात्र. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या घोषणेला दोन महिनेही झालेले नाहीत. ब्रुकलिनला मार खाल्लेली त्याची सुमारे नऊ हजारांची फौज, समोर इंग्रजांचा जनरल हाऊ, पाठीमागे ईस्ट रिव्हर. वारा ईशान्येचा होता, म्हणून इंग्रजांची लढाऊ जहाजं नदीत वर येऊ शकली नाहीत. मार्बलहेडच्या कोळ्यांनी रातोरात नावा मारून माणसं मॅनहॅटनला उतरवली, आणि उजाडल्यावर उरलेल्यांना धुक्याने झाकलं. फक्त वारा फिरवा. बाकी कशाला हात लावू नका.

वॉशिंग्टन आणि ही फौज हाती लागली, तर ऑक्टोबर १७७७मधला अमेरिकनांचा साराटोगाचा विजय नाही. तो नाही, तर फेब्रुवारी १७७८मधला अमेरिकनांचा फ्रान्सशी तह नाही. इथून साखळी हिंदुस्थानात उतरते. फ्रान्सशी युद्ध जुंपलं म्हणूनच इंग्रजांनी फ्रेंचांकडून ऑक्टोबर १७७८मध्ये पाँडिचेरी आणि मार्च १७७९मध्ये माहे घेतलं. माहे म्हणजे म्हैसूरच्या हैदरअलीच्या दारूगोळ्याची वाट. तो भडकला, आणि इंग्रजांविरुद्ध फळी उभी करायला नाना फडणीस तयारच होते. जुलै १७८०मध्ये हैदर अर्काटच्या मुलखात उतरला, सप्टेंबरात पोल्लिलूरला त्याने कर्नल बेलीची तुकडी संपवली. मग कलकत्त्याच्या हेस्टिंग्जला मद्रास सांभाळायचं, मराठ्यांशी लढायचं आणि पैशासाठी बनारसच्या चेतसिंगाला पिळायचं, हे सगळं एकदमच आलं. असा माणूस तहाला तयार होतोच. १७ मे १७८२, इंग्रज-मराठ्यांचा सालबाईचा तह.

"सालबाईच्या तहाची कारणे लिहा." आपण सगळ्यांनी लिहिली आहेत, समासासकट. त्यात ब्रुकलिनचा वारा कुणी लिहिला होता? लिहिला असता तर गुण कापले गेले असते, ते सोडा.

वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना नमवलं, ते मात्र बहुधा झालंच असतं. राघोबादादांनी मुंबईच्या इंग्रजांशी सुरतेचा तह मार्च १७७५मध्येच केला होता. मुंबईकरांना पुण्यावर चालून यायला अमेरिकेची गरज नव्हती. त्या मोहिमेत पडलेल्या कॅप्टन स्टुअर्टचं, म्हणजे इष्टुर फाकड्याचं नशीब काही बदलत नाही. बदलतं ते त्यानंतरचं. इंग्रज सेनापती गॉडर्डने अहमदाबाद घेतलं, डिसेंबर १७८०मध्ये वसई घेतली. हैदर मद्रासच्या उरावर नसता, तर बंगालचा पैसा आणि फौज दोन्ही गॉडर्डकडे वळली असती. मग पेशव्यांना इंग्रजांच्या मुठीत नेणाऱ्या १८०२मधल्या वसईच्या तहासारखं काहीतरी वीसेक वर्षं आधीच पुण्याच्या गळ्यात पडू शकलं असतं. म्हणजे त्या मुलीला "हो, बहुधा" असं उत्तर द्यायला हवं होतं.

पण वॉशिंग्टन १७८१मध्ये हरला असता तर? ५ सप्टेंबरला चेसापीकच्या तोंडाशी फ्रेंचांची २४ लढाऊ जहाजं आणि इंग्रज ॲडमिरल ग्रेव्हजची १९ समोरासमोर आली. ग्रेव्हजने वाट मोकळी केली असती, तर यॉर्कटाउनमधला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस निसटला असता. पुण्याला त्याचा फारसा फरक पडला नसता, कारण हैदर वर्षभर आधीच मैदानात उतरला होता. तेव्हा खरा प्रश्न वॉशिंग्टन कधी हरला असता, हा आहे. कॉर्नवॉलिसचं मात्र पुढे काय झालं असतं, कोण जाणे. यॉर्कटाउनला शरण आलेला हाच माणूस १७८६मध्ये गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि १७९२मध्ये श्रीरंगपट्टणला मराठ्यांचे सेनापती हरिपंत फडके त्याच्या बरोबरीने टिपूकडून मुलूख वाटून घेत होते.

आपण इथे अमेरिकेत असतो का, हेही मुलं विचारतात. एकाच राजाची प्रजा म्हणून दार उघडलं असतं, अशा भ्रमात राहू नका. १९१४मध्ये व्हँकुव्हरला कोमागाता मारू जहाजावरच्या ३७६ हिंदी प्रवाशांतल्या बहुतेकांना माघारी धाडलं, तेही त्याच राजाची प्रजा होते. इंग्रजांच्या साम्राज्यासारखी गुलामगिरी अमेरिकेतही १८३४मध्येच संपली असती, असंही म्हणतात. पण अमेरिकेच्या दक्षिणेतले मळेवाले साम्राज्यातच राहिले असते, तर पार्लमेंटवर त्यांचा दाबही वाढला असता. इथे कडी पातळ होते, मी थांबते.

आता थोडं रागावते. आपल्या शाळेत महाराजांचा राज्याभिषेक होतो, मग पानिपत, मग एकदम टिळक. सोमवारच्या शाळेत मुलांना १७७६ शिकवतात. १७८२ दोन्हीकडे नाही. ढोलपथकाला माणसं मिळतात, इतिहासाच्या वर्गाला दर सप्टेंबरला विनवण्या कराव्या लागतात. आणि आपल्या स्मरणिकेत बॉस्टनच्या समुद्रात "आपला" चहा फेकला असं छापून येतं. त्या ३४२ पेट्या ईस्ट इंडिया कंपनीच्या होत्या खऱ्या, पण चहा चीनचा होता. आसामात मळे लागायला अजून साठेक वर्षं होती.

१७८२चा हा धडा वर्गात घ्यायचा म्हटला, तर पुढचा प्रश्न येणारच. सालबाईने वीस वर्षं मिळाली. त्यात निजामाविरुद्ध खर्डा जिंकलं, आणि त्याच वर्षी, १७९५मध्ये, पेशवे सवाई माधवराव गेले. पुढे गादीसाठी कारस्थानं, नाना कैदेत, शिंदे-होळकरांचं आपसातलं युद्ध. मिळालेल्या वेळाचं काय केलं, हे त्या मुलीने विचारलं तर वर्गात काय सांगायचं, यावर समितीत सध्या दोन मतं आहेत. काहींचं म्हणणं, इतक्या लहान मुलांना हे नको. मला अजून ठरवता आलेलं नाही.